बालामणी अक्कांचं टेबल

कारखान्याच्या कागदोपत्री त्या जागेचं नाव 'तपासणी विभाग' असं होतं, पण ते नाव कुणी घेत नसे. मागावरून उतरलेला टॉवेल कुठं न्यायचा, तर अक्काच्या टेबलाला. मालाची गाडी का खोळंबलीय, तर अक्काच्या टेबलावरून माल सुटला नाही म्हणून. टेबल म्हणजे उत्तरेकडच्या खिडक्यांखाली एकाला एक जोडलेली चार लांब लाकडी टेबलं. दोन्ही बाजूंना मिळून चौदा बाया उभ्या राहायच्या आणि खिडकीजवळच्या टोकाला बालामणी अक्का.

उंचीनं बेताच्या, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, पदर कमरेला घट्ट खोचलेला. त्यांचं वय मला कधी कळलं नाही, विचारायची हिंमतही झाली नाही. घरात तेलुगू, टेबलावर मराठी आणि मुसलमान बायांशी दखनी, असा त्यांचा कारभार. मराठी बोलताना 'तो' आणि 'ती' यांची गल्लत व्हायची. टॉवेल 'आली' आणि गाडी 'आला'. कुणी हसलं तर म्हणायच्या, "माल बघ, बोलणं काय बघतीस?"

मी करकंबचा. आमच्या घरात ऊस. कापडाशी संबंध अंगावर घालण्यापुरता. सोलापुरात राहून डिप्लोमा केला आणि एमआयडीसीतल्या या टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून लागलो. पहिल्याच दिवशी अक्कांनी माझ्यापुढं एक पांढरा टॉवेल टाकला.

"ह्यात काय चुकलंय, सांग."

मी तो उलटा केला, सुलटा केला, खिडकीकडं धरला. बाया खाली बघून काम करत होत्या, पण सगळ्यांचे कान माझ्याकडं होते हे मला कळत होतं. शेवटी म्हणालो, "काही नाही. चांगलाय."

"डोळं मीट. आता हात फिरव. तळवा न्हाय, बोटाची टोकं फिरव."

मी फिरवला. मधोमध एका ठिकाणी बोट जरासं घसरलं. कापडात उभा धागा असतो त्याला ताणा म्हणतात आणि आडवा असतो त्याला बाणा. त्या जागी बाण्याचा एक धागा यायचा राहून गेला होता. ताणा-बाणा मला डिप्लोमात शिकवला होता. न आलेला धागा बोटाला कसा लागतो, हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

"लागला की," अक्का म्हणाल्या. "आता तू माझं तम्मुडू."

तम्मुडू म्हणजे तेलुगूत धाकटा भाऊ. त्या दिवसापासून चौदा जणींसाठी मी साहेब आणि अक्कांसाठी तम्मुडू. पुढं नऊ वर्षं तसंच राहिलं.

माणसांबद्दल बोलायलाही त्या कापडाचेच शब्द वापरायच्या. टेबलावरच्या एकीच्या मुलीला बघायला पाहुणे येऊन गेले, अक्काही तिथं होत्या. दुसऱ्या दिवशी अक्कांना विचारलं, मुलगा कसा आहे. त्या म्हणाल्या, "ताणा चांगला हाय. बाणा सैल." म्हणजे दिसायला धडधाकट, पण आतून ढिला. धाकट्या मालकांबद्दल एकदा म्हणाल्या, "रंग पक्का न्हाय, धुतल्यावर कळंल." आम्ही हसलो. माझ्याबद्दल त्यांनी असं कधी काही सांगितलं नाही. मी एकदा विचारलंही होतं. म्हणाल्या, "तू अजून मागावर हाईस. उतरल्यावर बघू."

माझ्या लग्नाच्या खरेदीला आईनं त्यांना आग्रहानं नेलं. दुकानदारानं गादीवर साड्यांचा ढीग घातला. अक्का प्रत्येक साडीचा काठ दोन बोटांत धरायच्या आणि न बोलता बाजूला सारायच्या. अकरावी साडी सारल्यावर दुकानदार म्हणाला, "बाई, तुमी गिऱ्हाईक हाय की इन्स्पेक्टर?" अक्का शांतपणे म्हणाल्या, "पंचवीस वर्षं इन्स्पेक्टर. गिऱ्हाईक आजच." मग त्यानं आतून एक साडी आणली. ती घेतली. माझी बायको ती अजून नेसते, जरीचा एक धागा निघालेला नाही.

पण अक्का खऱ्या कळल्या त्या सुईच्या दिवशी.

लहान बाळांच्या टॉवेलची परदेशातली ऑर्डर होती. शंभरावर खोकी भरून झाली होती, गाडी दारात उभी, ड्रायव्हर जेवून आलेला. कागदांवर माझी सही झाली होती. तेवढ्यात शिलाईकडची एक बाई अक्कांच्या कानाशी लागली. सकाळी तिच्या मशीनची सुई तुटली होती, तिनं नवी घातली आणि काम चालू ठेवलं. तुटलेलं टोक सापडलं नव्हतं. सांगायला भीती वाटली होती. आमच्याकडं तेव्हा सुई शोधायचं यंत्र नव्हतं.

अक्का सरळ दारात गेल्या आणि गाडीच्या मागच्या फळीला टेकून उभ्या राहिल्या.

"तम्मुडू, खोकी उतरव."

मी समजावलं. बंदरावर वेळेत पोचायला हवं, एका टोकासाठी एवढी खोकी फोडायची का, ते टोक तिकडं जमिनीवरच पडलं असेल.

"बाळाचं अंग पुसणार हाय त्यानं," त्या म्हणाल्या. एवढंच.

खोकी उतरली. दुपारी बारापासून चौदा जणींनी एकेक टॉवेलचा काठ चिमटीत दाबून बघितला. नवव्या खोक्यात टेबलावरच्या शकीलाला ते टोक सापडलं, तांदळाच्या कणीएवढं. मी लगेच खोकी भरायला सांगितली. अक्कांनी हात आडवा धरला. "एकच तुटली व्हती कशावरून?" दिवेलागणीपर्यंत राहिलेली सगळी खोकी बघून झाली. दुसरं काही सापडलं नाही. जाताना माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सही करायच्या आधी मला विचारत जा की."

त्या गाडीच्या कागदांवरची माझी सही मला पुष्कळ दिवस आठवायची. नंतर मी त्याहून वाईट सही केली, तीही कागदाविना.

दोन वर्षांपूर्वी धाकट्या मालकांनी मला ऑफिसात बोलावलं आणि लॅपटॉपवर एक व्हिडिओ दाखवला. रुळांवरून टॉवेल सरकतोय, वर कॅमेरे, बाजूला पडदा. जिथं खोट असेल तिथं पडद्यावर लाल चौकोन उमटतो. चौदा बायांना दिवस लागतो तेवढा माल दोन तासांत. "एआय आहे," ते म्हणाले. "पण आधी शिकवावं लागतं. आपल्या मालाचे हजारो फोटो काढायचे आणि प्रत्येकावर कुणीतरी जाणकारानं खूण करायची. ही खोट, ही खोट नाही, ही चालेल. जेवढं चांगलं शिकवाल तेवढं ते चांगलं बघेल."

जाणकार कोण, हे दोघांनाही माहीत होतं.

"त्यांना सांगायचं काय?" मी विचारलं.

"काहीतरी सांगा. त्यांना एआय-बिआय कळणार आहे का?"

ते 'काहीतरी' काय असावं, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मी शोधलं. जिन्यावरून खाली उतरेपर्यंत माझ्याकडं वाक्य तयार होतं. अक्कांपुढं टॅबलेट ठेवून मी म्हणालो, "नव्या मुली भरती करायच्यात. त्यांना शिकवायला हे फोटो लागणार आहेत. तुम्ही बोटानं खूण करा फक्त."

खरं सांगितलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या, ते मला आजही माहीत नाही. कदाचित हो म्हणाल्या असत्या. मी तो प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचूच दिला नाही. माझीही नोकरी जाईल, अशी भीती होती हे खरं. पण ती भीती जिन्यावर नव्हती. जिन्यावर मला फक्त काम सोपं करायचं होतं.

तीन महिने अक्कांनी त्या टॅबलेटवर काम केलं. सुरुवातीला काच बोटाला परकी वाटायची, "ह्याला हात लागतच न्हाय," म्हणायच्या. मग प्रत्येक फोटोसाठी तो खरा टॉवेल मागवून घ्यायला लागल्या. आधी बोटं फिरवायची, मग खूण करायची. यंत्राच्या कंपनीची माणसं पुण्याहून यायची. ती म्हणाली, एवढं नेमकं काम आम्ही कुठंच बघितलं नाही. मी ते अक्कांना सांगितलं, तर त्या खूश झाल्या. सकाळी तासभर आधी यायला लागल्या.

नुसत्या खुणांवर त्यांचं भागेना. मला शेजारी बसवून सांगायच्या, "लिही. ह्या डागाला पोरी फसतील. हा तेलाचा न्हाय, पाण्याचा हाय, वाळला की जातो. ह्याच्यासाठी माल बाजूला काढू नका म्हणावं." मी लिहायचो. ते सगळं पुण्याला जायचं.

एक दिवस बघतो तर त्यांनी टेबलाजवळची मांडणी रिकामी करून पुसून ठेवली होती.

"हे काय, अक्का?"

"नव्या पोरींच्या डब्याला जागा नको? किती जणी येणार हायत म्हणालास?"

"ठरलं नाही अजून," मी म्हणालो.

"लहान पोरी घे. बोट मऊ असतंय तोवर शिकतात. आणि पहिले आठ दिस ओरडू नकोस त्यांना."

मी हो म्हणालो. त्या मांडणीवर पुढचे दीड महिने कुणी काही ठेवलं नाही. अक्का ठेवू देत नव्हत्या.

यंत्र आलं ते रविवारी, सुट्टीच्या दिवशी. सोमवारी बाया कामाला आल्या तर चारातली तीन टेबलं भिंतीला उभी लावलेली आणि त्या जागी रूळ. धाकट्या मालकांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. यंत्रावर तिघी लागतील, त्यात अक्का असतील, बाकीच्यांना नियमाप्रमाणे जे मिळायचं ते मिळेल, असं त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं. मग यंत्र चालू करून दाखवलं. पहिलाच टॉवेल आत गेला आणि पडद्यावर एका पिवळसर डागाभोवती चौकोन उमटला. लाल नव्हे, हिरवा. खाली अक्षरं आली, 'पाण्याचा डाग, चालेल.'

अक्कांना मराठी वाचता येत होतं.

मग शकीला म्हणाली, "ये सब इसकू किने सिखाया?" आणि उत्तर येण्याआधीच तिचं तिला कळलं. "तू सिखाई ना, अक्का? तीन महिने बैठके?"

बाकीच्या बाया अक्कांकडं बघायला लागल्या. त्यातल्या निम्म्या त्यांच्याच गल्लीतल्या.

"मी शिकवलं," अक्का म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. टॉवेल पुढं टाकून 'सांग' म्हणाल्या होत्या, तसंच पाहिलं. "कुणाला म्हणून शिकवलं, ते साहेब सांगतील."

नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या मला साहेब म्हणाल्या.

'त्यांना मी खोटं सांगितलं होतं.' एवढंच बोलायचं होतं, एक वाक्य. धाकटे मालक माझ्या डाव्या हाताला उभे होते. यंत्र चालू होतं, त्याचा आवाज फारसा नव्हता, कुणालाही माझं बोलणं ऐकू गेलं असतं. मी म्हणालो, "हा कंपनीचा निर्णय आहे. त्यात आपण काय करणार."

अक्कांनी टॅबलेट पदरानं पुसला, माझ्या हातात दिला, आणि मालकांना म्हणाल्या, "माझी जागा शकीलाला द्या. तिला दोन लेकरं हायत." डबा घेतला आणि गेल्या. शकीला आज त्या यंत्रावर काम करते. चांगली करते. अक्कांचं नाव तिच्या तोंडून मी ऐकलेलं नाही, आणि मीही कधी काढलेलं नाही.

मी त्यांच्या घरी जायला हवं होतं. त्या आठवड्यात, त्या महिन्यात. सात रस्ता चौकातून घरी जाताना रोज वाटायचं, गाडी अक्कांच्या पूर्व भागाकडं वळवावी. वर्ष गेलं. शेवटी गेलो, पण तेही माफी मागायला नाही.

झालं असं की नव्या सुताचा माल ग्राहकाकडून परत यायला लागला. धुतला की त्यावर फिकट पट्टे उमटायचे. इथून जाताना काही दिसत नव्हतं, यंत्र प्रत्येक टॉवेल पास करत होतं. पुण्याची माणसं येऊन गेली. यंत्राला दाखवलेल्या खोटींत ही नाही, म्हणाली, कुणीतरी दाखवावी लागेल. धाकटे मालक म्हणाले, "त्या अक्कांना आठ दिवस बोलवा की. तुमचं चांगलं होतं ना त्यांच्याशी."

एक टॉवेल पिशवीत घालून मी गेलो. गल्ली सापडली, घर सापडेना. ओट्यावर बसलेल्या एका म्हातारीला बालामणी अक्का कुठं राहतात म्हणून विचारलं. तिनं क्षणभर आठवल्यासारखं केलं. "मशीनवाली व्हय? बायांचं काम घालवलेली? ते निळं दार."

अक्का जमिनीवर बसून शाळेच्या शर्टांना बटणं लावत होत्या. शेजारी पांढऱ्या शर्टांचा गठ्ठा. मला बघून उठल्या नाहीत, पण बसायला चटई सरकवली. सून पाणी घेऊन आली. माझ्या लेकीचं कसं चाललंय, अक्कांनी विचारलं. तिसरीत गेली, म्हणालो. मग मी टॉवेल काढला आणि कशासाठी आलो ते सांगितलं. या वेळी सगळं खरं सांगितलं. यंत्राला येत नाही, शिकवायला हवं, असंच.

त्यांनी टॉवेल घेतला. मला वाटलं नव्हतं घेतील. मांडीवर पसरला, डोळे मिटले आणि बोटांची टोकं फिरवायला लागल्या. सुनेनं आतून बघितलं आणि ती तिथंच थांबली. बोटं एका कडेनं हळूहळू वर गेली, थांबली, मागं आली, पुन्हा त्याच जागी थांबली. अक्कांनी डोळे उघडले.

"सापडलं," त्या म्हणाल्या.

मी पुढं सरकलो.

त्यांनी टॉवेलची घडी घातली आणि माझ्यापुढं ठेवली. "तुला सांगितलं असतं. पण तू आता एकटा येत न्हाईस, मशीन संगं घिऊन येतोस."

त्यांनी सुई उचलली, दोरा ओवला, एक बटण लावून झालं. मग माझ्या तोंडून निघालं, "अक्का, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं. चूक माझी होती. तुम्हाला मी खोटं सांगितलं."

"मला ठाऊक हाय की," त्या म्हणाल्या. आवाजात काही नव्हतं, ना राग ना माया. "मला कशाला सांगतोस? बाहेर बसल्यात, त्यांना सांग."

मी पिशवी घेऊन बाहेर आलो. समोरच्या ओट्यावर पाच-सहा जणी बसल्या होत्या. ती म्हातारी होती, आणि दोघी आमच्या टेबलावरच्या होत्या. त्यांनी मला ओळखलं. एकीनं मांडीवरचं पोर सावरलं आणि म्हणाली, "काय साहेब, इकडं कुठं?"

मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. वाक्य तयार होतं, आत्ताच आत बोलून आलो होतो. मागं दार वाजलं. वळून बघितलं तर अक्का उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या, हातात तो अर्धवट बटणं लावलेला शर्ट. त्या वाट बघत होत्या.

मी त्या बायांना म्हणालो, "पाणी किती दिवसांनी येतं तुमच्याकडं?"

"पाच दिवसांनी," ती पोरवाली म्हणाली. "तेबी अर्धा तास."

मी मान हलवली. पुन्हा मागं वळून बघितलं तेव्हा निळं दार बंद होत होतं.